वहीतले अठरावे पान

१

वहीच्या अठराव्या पानात कुणीतरी फेरफार केला आहे, असे क्वो सरांनी सकाळी साडेनऊला सांगितले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. कारण ती वही ज्या काचेच्या कपाटात असते, त्याची किल्ली माझ्याकडे असते.

माझ्याकडे म्हणजे माझ्या ओसरीवरच्या खिळ्याला. सगळ्या गावाला तो खिळा ठाऊक आहे. एकतीस वर्षे मी या बेटावर टपाल वाटले, एक पत्र हरवले नाही. निवृत्त झाल्यावर गावाने जुन्या वस्तूंची खोली सांभाळायला दिली, तीही नीट सांभाळली. आणि आता हा छत्री घेऊन विमानातून उतरलेला माणूस माझ्याकडे बघून, अगदी नम्रपणे, "किल्ली कुणाकुणाला मिळू शकते?" असे विचारत होता.

"सगळ्यांना," मी म्हणालो. "आमच्याकडे चोर नाहीत."

"आहेत की नाहीत ते आता कळेल," सर म्हणाले.

वही याओ मास्तरांची. १९६७ साली ते तैपेईहून आमच्या बेटावर आले, दोन महिने राहिले आणि म्हाताऱ्यांना धरून शंभर शब्द विचारत सुटले. डोळ्याला काय म्हणता, हाताला काय, दगडाला काय. मग आजूबाजूच्या बेटांवरचे तेच शंभर शब्द शेजारी मांडून त्यांनी तक्ता छापला: कोणती भाषा कोणाची सख्खी बहीण, कोणती चुलत, कोणती नुसतीच ओळखीची. डोळ्याला आम्ही 'माता' म्हणतो आणि पाचाला 'लिमा'. आमच्या धक्क्यापासून दक्षिणेला निघालात तर महिनोन्‌महिने होडी वल्हवूनही हे दोन शब्द भेटत राहतील. म्हणजे नाते आहेच. किती जवळचे, एवढाच वाद.

या वादाला आमच्या गावची मुलगी सहा वर्षे चिकटून बसली होती. लामलो. वय सत्तावीस, शिक्षण तैपेईत, स्वभाव आजोबांचा, म्हणजे हट्टी. तिचे म्हणणे, आमची भाषा आणि दक्षिणेच्या बातान बेटांची भाषा या सख्ख्या बहिणी, कालपरवापर्यंत एका घरात नांदलेल्या. याओ मास्तरांचा तक्ता म्हणायचा, चुलत, कारण शंभरातले अकरा शब्द भलतेच वेगळे. आज आम्ही ते अकरा शब्द दक्षिणेसारखेच म्हणतो, हे लामलोने दाखवले होते. पण क्वो सर, याओ मास्तरांचेच शिष्य, त्यांनी उत्तर दिले होते की ते नंतर उसने घेतले असतील. जुन्या वहीत काय आहे ते बघू.

आणि बघायला ते स्वतः आले होते. त्यांनी वही उघडली, शेजारी तक्ता ठेवला आणि ते अकरा शब्द आमच्या भाषेत मोठ्याने वाचायला लागले. मासा. होडी. लाट. वारा. जाळे. मी उठून धक्क्याकडची खिडकी लावून घेतली. उंबऱ्यावर लामलोचे आजोबा बसले होते, ते सुपारी शोधायला म्हणून बाहेर निघून गेले.

"तक्त्यात हे अकराही शब्द वेगळे आहेत," सर म्हणाले. "वहीत मात्र अकराच्या अकरा दक्षिणेशी जुळतात. माझे गुरू अकरा चुका करणारे नव्हते. हे पान त्यांचं नाही."

लामलोचा चेहरा उतरला. "सर, मी या कपाटाला हातही लावलेला नाही."

"मी तसं म्हटलं नाही. पण फायदा कुणाचा, हे तुमच्या प्रबंधाची समिती विचारेल. मी शुक्रवारी परत जातो, सोमवारी समिती बसते. तोवर उलगडा झाला नाही, तर मूळ कागदात फेरफार झालाय असं मला लिहावं लागेल."

तसे लिहिले गेले की लामलोची सहा वर्षे पाण्यात. पदवी तर नाहीच, पुन्हा तिला कुणी वहीसुद्धा हातात देणार नव्हते. आज बुधवार होता. मी वही कापडात गुंडाळली आणि सी मालोवायच्या घराची वाट धरली.

२

सी मालोवाय आमच्या बेटावरची निवृत्त सुईण. वय त्रेसष्ट, डोळे घारीचे. गावातली निम्मी माणसे तिच्या हातात पहिल्यांदा रडली आहेत, त्यामुळे तिच्यापुढे कुणी फारसा तोरा दाखवत नाही.

आमच्यात पहिले मूल झाले की माणसाचे नाव बदलते. माझा कावोस जन्मला तेव्हापासून मी स्यामान कावोस, कावोसचा बाप. माझी बायको सिनान कावोस. पहिला नातू किंवा नात आली की दोघेही त्या पोराच्या नावाने स्यापेन होणार. गेलेले नाव कुणी तोंडावर घेत नाही. घेतले तर ती शिवी होते आणि मग दात सांभाळावे लागतात. सी मालोवायला मूल नाही, म्हणून तिचे लहानपणचे नाव अजून टिकून आहे. ती म्हणते, शेकडो माणसांची नावं मी बदलली, माझं तेवढं राहिलं. हे ती हसून म्हणते, पण मला त्या वेळी कुठे बघावे ते कळत नाही.

"ये टपाल," ती म्हणाली. "तोंड का असं? सरकारी पत्र आलं का?"

मी सगळे सांगितले. तिने रताळी सोलायची थांबवून हात धुतले, चष्मा लावला, पान उन्हात धरले. मग वाकून शिवणीपाशी नाक नेले.

"हे चिकटवलंय. विकतचा गोंद नाही. फणसासारखं ते झाड नाही का आपल्या होड्यांना लागतं, त्याचा चीक आहे." तिने वही मागून उघडली. "आणि कागद इथलाच. शेवटचं कोरं पान कापलेलं दिसतंय."

"म्हणजे होडी बांधणारा माणूस."

"होडी बांधणारा, किंवा होडी बांधणाऱ्याच्या घरातला. अर्धं गाव झालं. अक्षर कसं आहे?"

अक्षर याओ मास्तरांसारखेच होते. प्रार्थनामंदिरात शिकवतात ती रोमन लिपी, एकेक अक्षर कोरून काढल्यासारखे.

"वरची ओळ वाच."

"बारा एप्रिल १९६७. सांगणारा, स्यापेन लामलो."

"आता आधीचं पान."

सतराव्या पानावर तीच तारीख होती आणि त्याच म्हाताऱ्याचे, लामलोच्या आजोबांचे, जुने नाव होते. मी ते मनातल्या मनात वाचले. शिष्टाचार म्हणून.

"वाचलंस? काही दिसलं?"

"काय दिसायचंय? दोन्ही पानांवर सांगणारा एकच माणूस आहे."

तिने चष्मा काढला.

"तुला दिसणार नाही. मलाही दोनदा वाचावं लागलं. आणि हे पान ज्यानं लिहिलं, त्याला तर लिहिताना मुळीच दिसलेलं नाही. चल, आधी स्यामान तागाझकडे जाऊ."

३

स्यामान तागाझ गावपंचायतीत असतो आणि आपण पंचायतच आहोत असे समजतो. त्याच्या छपरात नवी होडी अर्धी उभी होती, शेजारी चिकाचा डबा. सी मालोवाय बायकांच्या रीतीप्रमाणे होडीपासून लांब, रस्त्याच्या कडेला थांबली आणि तिथूनच बोलली.

"स्यामान तागाझ, त्या लामलोच्या अभ्यासाबद्दल तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं सगळ्यांना ठाऊक आहे. आपले पूर्वज एक दगडातून निघाला आणि एक बांबूतून. इथंच. आपण कुणाच्या घरून आलेलो नाही आणि कुणाची बहीणबिहीण नाही. ती पोरगी शिकली चांगली, पण आपल्याला उगाच परक्यांच्या पंगतीत नेऊन बसवते."

"वहीचं पान बदललंय म्हणतात."

"ऐकलं." त्याने रंधा खाली ठेवला. "माझ्यावर संशय आहे का? बाई, मी पान बदललं असतं तर अकरा वेगळ्या शब्दांचे बावीस केले असते. अकराचं शून्य कशाला करू? मला काय त्या दक्षिणेच्या लोकांत सोयरीक जमवायचीय?"

परत येताना मी म्हणालो, "माणूस आगाऊ आहे, पण बरोबर बोलला."

"हो. ज्यानं केलं त्याला लामलोचं भलं करायचं होतं."

"म्हणजे लामलोनंच."

"टपाल, तू पत्र वाटायचास तेच बरं होतं."

लामलो आजीबरोबर अळवाच्या खाचरात होती, पाय चिखलात पोटरीपर्यंत. आम्हाला बघून ती बांधावर येऊन बसली. रडली होती, पण ते लपवायची तिची इच्छा दिसत नव्हती.

"कामिनान, मी नाही केलं," ती म्हणाली. आमच्यात मावशी-काकूच्या वयाच्या बाईला कामिनान म्हणतात.

"मला ठाऊक आहे. तुझा प्रबंध दाखव. सगळा नको, कुणी काय सांगितलं ती यादी."

लामलोने पिशवीतून कागद काढले. सी मालोवायने बोट फिरवत एक ओळ गाठली. तिथे आजोबांचे जुने नाव होते, १९६७ सालचे, आणि पुढे कंसात, आज स्यापेन लामलो. तिने मान हलवली.

"वहीचं ते पान तू कधी नीट पाहिलंस?"

"कधीच नाही. काचेतून पहिलं पान दिसतं तेवढंच. सरांच्या समोरच वही उघडायची असं ठरलं होतं, म्हणून मी मुद्दाम लांब राहिले."

"तुझी अडचण आजोबांना सांगितली होतीस?"

"मार्चमध्ये आले तेव्हा. सगळं सांगितलं. हे अकरा शब्द जुन्या वहीत असे कसे आले, तुम्हीच सांगितले होते ना, असं विचारलं. आकाय नुसते समुद्राकडे बघत बसले. एक शब्द बोलले नाहीत." तिचा आवाज बारीक झाला. "मला फार लागलं ते. सहा वर्षं मी ज्यांच्या तोंडचे शब्द गोळा करते, त्यांनीच तोंड मिटून घेतलं."

"मार्चमध्ये," सी मालोवाय म्हणाली. "हंगाम लागला होता का तेव्हा?"

"होड्यांची पूजा नुकतीच झाली होती."

सी मालोवाय बांधावरून उठली. तिच्या चेहऱ्यावर आनंद अजिबात नव्हता.

"काय झालं?" मी रस्त्यावर विचारले.

"मला उत्तर मिळालंय," ती म्हणाली. "आणि ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं."

४

गुरुवारी दुपारी आम्ही म्हाताऱ्याकडे निघालो. वाटेत तिने मला सगळे उलगडून सांगितले. ऐकताना माझी मला लाज वाटत होती.

"लामलो कधी जन्मली?"

"सत्याहत्तर साली. वादळाच्या वर्षी."

"माझ्याच हातात. ती म्हाताऱ्याची पहिली नात. तिच्यामुळे तो स्यापेन लामलो झाला. मग सदुसष्ट सालच्या पानावर स्यापेन लामलो कोण? जी मुलगी आणखी दहा वर्षांनी जन्मणार होती, तिचा आजा?"

मी रस्त्यातच थांबलो. दोन्ही पाने मी माझ्या डोळ्यांनी वाचली होती.

"तुला दिसलं नाही, कारण तुझ्यासाठी त्या माणसाला दुसरं नावच नाही," ती म्हणाली. "बाहेरच्या माणसानं पान बनवलं असतं तर सतराव्या पानावरचं नाव जसंच्या तसं उतरवलं असतं. ही चूक आपल्यातलाच माणूस करू शकतो. गेलेलं नाव हातून लिहवत नाही, लेखणी आपोआप आजच्या नावाकडे वळते."

"मग लामलो का नाही?"

"तिच्या यादीत सालाप्रमाणे नावं लावलीत, पाहिलंस ना. हाच तिचा धंदा आहे. आणि जुन्या कागदावर स्वतःचंच नाव लिहून ती दचकली नसती होय?"

"पण आणखी कितीतरी जण आहेत."

"ते अकरा शब्द आठव," ती चिनीत म्हणाली. "मासा, होडी, लाट, वारा, जाळं. सर वाचायला लागले तेव्हा तू काय केलंस?"

"खिडकी लावली."

"का?"

का म्हणजे? उडते मासे येतात त्या चार महिन्यांत ते शब्द उच्चारायचे नसतात. समुद्राला ऐकू गेले तर मासे परततात, वाईट काही होड्यांमागे लागते. पूर्वी प्रत्येक होडीच्या लोकांचे आपापले आडशब्द असत, बायकांना आणि दुसऱ्या होडीवाल्यांना न सांगितलेले. आता ते म्हातारे गेले आणि आडशब्दही गेले. आम्ही सरळ गप्प बसतो किंवा ते शब्द चिनीत म्हणतो.

"मास्तर एप्रिलमध्ये आले होते," मी म्हणालो. मला आता कुठे दिसायला लागले होते.

"ऐन हंगामात. त्यांनी विचारलं, याला काय म्हणता, आणि होडीवरच्या माणसानं आडशब्द सांगितले. खोटं नाही, एप्रिलमध्ये तेच म्हणायचे. मास्तरांनी बिचाऱ्यांनी लिहून घेतलं. सदतीस वर्षं आपण चुलत बहीण म्हणून बसलो. हे कुणाला ठाऊक असणार? त्या होडीवरच्या माणसांना. त्यांतला आज एकच जिवंत आहे."

स्यापेन लामलो घरापुढच्या उंच माचावर बसून दोर वळत होते. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण पाठ अजून ताठ. सी मालोवायने आरोप केला नाही. तिने फक्त विचारले, "जुनं पान कुठं ठेवलंय तुम्ही?"

म्हाताऱ्याने दोर खाली ठेवला. आत जाऊन प्रार्थनेचे पुस्तक आणले, त्यातून एक पिवळा कागद काढून तिच्या हातात दिला.

"पोरगी मार्चमध्ये विचारत होती," ते म्हणाले. "मी तोंडानं कसं सांगू? हंगाम लागलेला. माझ्या होडीवर सात जण आहेत, त्यांच्या जिवाचं काय? तिला थांब म्हणावं तर हे विमानवाले मे महिन्यात येणार. मग म्हटलं, लिहिणं म्हणजे बोलणं नाही. गुपचूप नीट लिहून ठेवू. तैपेईत तक्ता आहे, त्याच्याशी ताडून बघतील, हे मला कुठं ठाऊक?"

"तिला चोर ठरवतायत."

"कळलं मला. कालपासून मी एक घास खाल्लेला नाही." त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते ती पुसत नव्हते. "जिच्यासाठी केलं, तिचंच वाटोळं केलं मी. उद्या सकाळी बोलवा त्या माणसाला. मी तोंडानं सांगतो."

"हंगामात?"

"हंगामात. मग मी होडीवर बसणार नाही. पुन्हा कधीच."

५

शुक्रवारी सकाळी त्याच माचावर आम्ही पाच जण बसलो. क्वो सरांनी जुने पान हातात घेतले, आणि अक्षर ओळखले. सी मालोवायने सारे सांगितले. नाव, हंगाम, आडशब्द. सर मधूनमधून मान हलवत होते.

"पटतंय," शेवटी ते म्हणाले. "पण समितीपुढे पटणं पुरत नाही. कोणत्या आडशब्दामागे कोणता खरा शब्द, हे सांगणाऱ्यानं स्वतः सांगितलेलं हवं. आवाज मुद्रित केलेला."

म्हाताऱ्याने कंबर सरळ केली. "लाव ते यंत्र," ते नातीला म्हणाले.

खाली धक्क्यावर त्यांच्या होडीची माणसे जाळी आवरत होती. त्यांतल्या एकाने वर बघून हात केला. म्हाताऱ्यानेही हात केला आणि तोंड उघडले.

लामलोने यंत्र बंद केले आणि पिशवीत टाकले.

"नको, आकाय."

"अगं, सोमवारी..."

"सोमवार जाऊ दे. तुम्ही एकदा एप्रिलमध्ये बोललात, तेवढं पुरे झालं. जुलैमध्ये बोला." ती सरांकडे वळली. "सर, पान माझ्या घरातल्या माणसानं बदललं, असं लिहा. माझं नावही लिहा. पण हंगाम संपेपर्यंत मी यांना विचारणार नाही."

क्वो सर पिवळ्या कागदाकडे बघत होते. हा माणूस आता छत्री उचलून चालू लागणार, असे मला वाटले.

"या तक्त्यावर माझं अख्खं पुस्तक उभं आहे," ते सावकाश म्हणाले. "गुरुजींनी कोणत्या महिन्यात विचारलं, हे मी वीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. तारीख तर वरच लिहिली होती." त्यांनी कागद लामलोला परत दिला. "सोमवारी समितीला मी माझ्या पुस्तकाबद्दल सांगेन. तुमचा निकाल ऑगस्टपर्यंत थांबवायला सांगतो. चालेल?"

लामलोच्या आधी सी मालोवायच म्हणाली, "चालेल. आणि आता जेवून जा. विमानाला वेळ आहे."

सर जुलैत खरोखर आले. हंगाम संपला होता, शेवटचे सुके मासे खाऊन झाले होते, आणि आता आम्ही काय वाटेल ते बोलायला मोकळे होतो. म्हाताऱ्यासमोर यंत्र ठेवले. लामलोच्या मांडीवर दक्षिणेच्या बेटांची यादी होती. म्हातारे एकेक शब्द सांगत गेले आणि ती एकेकापुढे खूण करत गेली. सलग नऊ शब्द जुळले.

दहाव्याला तिची लेखणी थांबली. "आकाय, हा शब्द त्या पानावर तुम्ही वेगळा लिहिला होतात."

"हो. आणि पुढचाही वेगळा आहे." म्हाताऱ्याने अकरावा शब्द सांगितला. तोही दक्षिणेशी जुळत नव्हता. "त्या पानावरचे दोन शब्द मुळात आपले नव्हते. एकदा वादळात त्यांच्याकडचा एक माणूस आपल्या किनाऱ्याला लागला होता, त्याच्याकडून आलेले आणि मग गावभर रुळलेले. तुझे अकरा पूर्ण व्हावेत म्हणून घातले. आपण पूर्वी म्हणायचो ते हे."

सी मालोवायच्याही नजरेतून हे सुटले होते. म्हातारे गप्प राहिले असते तर कधीच कुणाला कळले नसते.

"नऊ पुरतात का?" त्यांनी नातीला विचारले. असा घाबरलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

लामलोने त्या दोन शब्दांपुढे फुल्या मारल्या. दोन्ही नीट, ठळक. मग यादी बाजूला ठेवून तिने आजोबांचा हात आपल्या हातात घेतला.

"पुरतात, आकाय," ती म्हणाली. "आणि आता खरेही आहेत."